पावसाळ्यात पर्जन्यमापक केंद्र गप्प झालं तर: फ्यूज तपासायची आणि बदलायची रीत

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात फिरताना व्हाळाच्या काठी खांबाला बांधलेली राखाडी पेटी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. वर लहानसं सौर पॅनेल, शेजारी पर्जन्यमापकाचं नरसाळं, पुलाच्या कठड्यावरून पाण्याकडे तोंड केलेला पातळीचा सेन्सर. पेटीच्या आत मोजमापं साठवणारा डेटा लॉगर, ती पाठवणारा मोडेम, पॅनेलवरून बॅटरी भरणारा चार्ज कंट्रोलर आणि १२ व्होल्टची बॅटरी. दर पंधरा मिनिटांनी किंवा तासाने ही पेटी आपली मोजमापं पाठवत असते. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पेटीचं खरं काम याच चार महिन्यांचं, आणि ओल, मुंग्या यांचा त्रासही तिला याच दिवसांत होतो. २३ जुलै २०२१ ला म्हादई नदीला पूर आला, घरांत पाणी शिरलं. नदी चढत असताना एका तासाची नोंद गायब असणं म्हणजे काय, हे तिच्या काठी राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

गप्प झालेल्या पेट्यांपैकी बऱ्याच फक्त फ्यूज उडाल्यामुळे गप्प असतात. फ्यूज स्वस्त असतो आणि दोन मिनिटांत बदलता येतो. त्यामुळेच घाई होते. या कामाला नव्याने लागलेल्यांना मी एक नियम घालून देतो: जुना फ्यूज का उडाला याबद्दल वहीत एक ओळ लिहिल्याशिवाय नवा फ्यूज पाकिटातून काढायचा नाही. ‘कारण सापडलं नाही, पण या या गोष्टी तपासल्या’ अशी ओळही चालेल. कोरी वही मात्र चालणार नाही.

इथलं सगळं १२ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या पेट्यांबद्दल आहे. पेटीत २३० व्होल्टची लाईन येत असेल तर ती बाजू परवानाधारक वायरमनकडेच सोपवा. पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर उभं राहून त्या बाजूला हात लावणं नवख्याचं काम नव्हे.

पिशवीत काय हवं

मल्टिमीटर, त्याच्या जादा बॅटऱ्या, इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर, फ्यूज काढायचा प्लास्टिकचा चिमटा, डोक्याला लावायचा टॉर्च, कोरडं सुती फडकं, कॉन्टॅक्ट क्लीनर, सिलिका जेलच्या पुड्या, मार्कर, वही. फ्यूज त्या पेटीच्या रेटिंगचेच, प्रत्येकी निदान चार. ते निघण्याआधीच घेऊन ठेवा. म्हापशात किंवा फोंड्यात मिळतात, पण केरीच्या पुढे गेल्यावर दुकान शोधत बसावं लागेल. शिवाय ऐनवेळी दुकानदार ‘हाच चालवा’ म्हणत हातात ठेवतो तो बहुधा वेगळ्या रेटिंगचा असतो.

यांच्या जोडीला मोटारीच्या सिग्नलचा २१ वॅटचा एक बल्ब आणि ५ वॅटचा एक छोटा बल्ब घ्या. दोन्हींना एकेक वीत वायर आणि टोकाला क्लिपा लावून ठेवा. यांचं काम पुढे येईल. या पिशवीतली मला सर्वांत प्रिय वस्तू हीच.

पेटी उघडण्याआधी

गडगडाट ऐकू येत असेल तर गाडीतच बसा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय त्या लोखंडी खांबाजवळ जाऊ नका. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात, म्हणजे पाऊस यायच्या आणि परतायच्या दिवसांत, विजा जास्त असतात आणि पेट्याही तेव्हाच जास्त बंद पडतात. साधा पाऊस चालू असेल आणि थांबणं शक्य नसेल तर आधी डोक्यावर ताडपत्री बांधा, मग झाकण उघडा. छत्रीवरून ओघळणारं पाणी नेमकं पेटीत जातं.

पेटीच्या मागे किंवा खांबाच्या खोबणीत हात घालण्याआधी टॉर्च मारून बघा. पावसाळ्यात चापडा सर्प अशा आडोशाला बसलेला असू शकतो.

झाकण उघडलं की पहिलं काम फोटो. सगळ्या वायरी, सगळे टर्मिनल, कुठला दिवा लागलेला आहे आणि कुठला नाही. वहीत वेळ लिहा. लॉगर जिवंत असेल, म्हणजे फक्त मोडेमचा फ्यूज गेलेला असेल, तर आत साठलेली माहिती आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या. पर्जन्यमापकाची केबलही सोडवून ठेवा. आतल्या हेलकावणाऱ्या डबीचा प्रत्येक हेलकावा ठरावीक पावसाचा हिशोब देतो. काही यंत्रांत तो ०.२ मिलिमीटरचा, काहींत ०.५ मिलिमीटरचा असतो. काम करताना खांब हलला आणि डबी दहा वेळा कलंडली, तर न पडलेला पाऊस नोंदीत जातो आणि मागाहून कोणालाच तो ओळखता येत नाही.

वीज तोडायचा क्रम

आधी सौर पॅनेलची वायर कंट्रोलरमधून काढा, मग लोडची, म्हणजे लॉगर, मोडेम अशा वीज घेणाऱ्या उपकरणांची, शेवटी बॅटरीची. जोडताना बरोबर उलट: आधी बॅटरी, मग लोड, शेवटी पॅनेल. बरेच कंट्रोलर बॅटरी जोडल्या क्षणी ती १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची हे ओळखतात. पॅनेल आधी जोडलं तर त्यांचा अंदाज चुकू शकतो.

काढलेल्या टोकांना लगेच चिकटपट्टी गुंडाळा. बारा व्होल्टचा झटका लागत नाही म्हणून नवीन मुलं निर्धास्त असतात. पण ७ अँपिअर-तासाची एवढीशी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली की शंभर अँपिअरच्या वर प्रवाह सोडते. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यात वितळतं आणि बोटातली अंगठी तापून हात भाजतो. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ गाडीत काढून ठेवा.

फ्यूज काढणं आणि नीट पाहणं

फिरवून काढायच्या टोपीचा होल्डर असेल तर टोपी थोडी आत दाबून पाव वळसा द्या. वायरीतला होल्डर दोन्ही हातांनी पिळून उघडतो. ब्लेड फ्यूज चिमट्याने सरळ वर ओढा, डोलवू नका, नाहीतर होल्डरच्या पाकळ्या सैल होतात. काचेचा फ्यूज मधोमध धरून उपटू नका. काच फुटते आणि टोकाची टोपी होल्डरातच अडकून राहते.

आता तो उजेडात धरा. आतली तार मध्येच तुटलेली आणि काच स्वच्छ असेल तर प्रवाह थोडासाच जास्त होता आणि तो बराच वेळ वाहत होता. आतून काच काळी किंवा आरशासारखी चंदेरी झाली असेल तर मोठा शॉर्ट झाला, तार क्षणात वाफ होऊन काचेवर बसली. तार टोकाजवळ, टोपीपाशी तुटली असेल तर बहुतेक वेळा थकवा: वर्षानुवर्षं चालू-बंद होताना तापणं, थंड होणं, खांबाची थरथर. या तीन खुणांवरून पुढचा शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं. फ्यूज टाकून देऊ नका, कागदी पाकिटात घालून तारीख लिहा.

डोळ्यांना चांगला दिसणारा फ्यूजही गेलेला असू शकतो, कारण टोपीच्या आतली तार दिसत नाही. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये तर काहीच दिसत नाही. म्हणून मीटर लावायचाच, आणि फ्यूज बाहेर काढून लावायचा. जागेवरच कंटिन्युइटी, म्हणजे तार अखंड आहे का, ते बघितलं तर दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने प्रवाह जाऊन मीटर वाजतो आणि गेलेला फ्यूज चांगला वाटतो. १०० मिलिअँपिअरसारख्या लहान फ्यूजचा रोध दोन-चार ओहम दिसला तर घाबरू नका, त्याची तारच तेवढी बारीक असते.

फ्यूजवर काय लिहिलंय

टोपीवर भिंगातून पाहावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत काही कोरलेलं असतं, समजा ‘टी २ए एल २५०व्ही’. यातली चारही अंगं जुळली पाहिजेत.

पहिलं अक्षर वेगाचं. एफ म्हणजे झटकन उडणारा, टी म्हणजे सावकाश उडणारा. ही अक्षरं जर्मन शब्दांवरून आली आहेत, ‘फ्लिंक’ म्हणजे चपळ आणि ‘ट्रेगं’ म्हणजे मंद. मोडेम चालू होताना त्यातले कपॅसिटर क्षणभर मोठा घोट घेतात, म्हणून तिथे सहसा टी असतो. तिथे एफ टाकला तर काहीही बिघडलेलं नसताना तो उडतो आणि तुम्ही नसलेला दोष शोधत दिवस घालवता. उलट, नाजूक सेन्सरच्या वाटेवर एफ असेल आणि तुम्ही टी टाकलात, तर फ्यूज उडण्याआधी सेन्सर जातो.

दुसरा आकडा अँपिअरचा. तो कधीच वाढवायचा नाही. फ्यूज जपतो ती त्याच्यापुढची वायर. २ अँपिअरचा फ्यूज म्हणजे २ अँपिअरला लगेच उडणारा, असंही नाही. ५ बाय २० मिलिमीटरच्या काचेच्या फ्यूजने रेटिंगच्या दीडपट प्रवाह निदान तासभर सोसला पाहिजे, असं प्रमाण आहे. एवढी सूट त्यात मुळातच असते. धडधाकट फ्यूज तरीही उडाला, तर प्रवाह खरोखर जास्त होता.

तिसरं अक्षर एल किंवा एच. शॉर्टचा जास्तीत जास्त किती मोठा प्रवाह फ्यूज न फुटता तोडू शकेल, हे त्यावरून कळतं. या आकाराचा काचेचा एल फ्यूज ३५ अँपिअर किंवा रेटिंगच्या दहापट, यांतला जो आकडा मोठा तेवढ्याचीच हमी देतो. एच १५०० अँपिअरपर्यंत. बॅटरीच्या अगदी जवळच्या मुख्य फ्यूजला म्हणूनच ब्लेड किंवा वाळू भरलेला चिनी मातीचा फ्यूज वापरतात, आणि तिथे ‘तात्पुरता’ म्हणूनसुद्धा काचेचा टाकू नये.

शेवटी व्होल्ट. डीसीचा प्रवाह तोडणं एसीपेक्षा अवघड असतं. आपल्या ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि तुटणाऱ्या तारेतली ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझायला कारणच नसतं. २४ किंवा ४८ व्होल्टच्या पेटीत काम करत असाल तर फ्यूजवर डीसीचं रेटिंग लिहिलेलं आहे का ते पाहून घ्या.

ब्लेड फ्यूज रंगावरून ओळखतात: २ अँपिअर राखाडी, ३ जांभळा, ५ फिकट बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा. मातीने माखले की ५ आणि ७.५ सारखेच दिसतात. आकडा वाचा.

का उडाला

सगळा वेळ इथे घालवायचा आहे.

बॅटरी सुटी आहे आणि फ्यूज बाहेर आहे याची पुन्हा खात्री करा. मीटर ओहमवर ठेवून एक टोक फ्यूज होल्डरच्या लोडकडच्या बाजूला आणि दुसरं ऋण टर्मिनलला लावा. आकडा हळूहळू चढत काही शे किंवा काही हजार ओहमवर गेला तर सहसा ठीक, आतले कपॅसिटर भरत असतात. एक-दोन ओहमवर अडकून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आता एकेक जोडणी सोडवत जा आणि दर वेळी मीटर बघा. पेटीबाहेर जाणाऱ्या केबली आधी सोडवा, सर्वांत जास्त हाल त्यांचेच होतात. जी सोडवल्यावर आकडा उडी मारून वर जाईल, दोष तिच्यात.

गोव्यात हा दोष कुठे सापडतो, तर पहिल्या नंबरवर ग्लँड. केबल पेटीत शिरते तिथलं रबर दोन उन्हाळ्यांत कडक होतं, पाणी केबलीवरून ओघळत आत येतं आणि टर्मिनलवर हिरवा थर चढतो. किनाऱ्याजवळ, चोडणसारख्या खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या) भागात मानशीजवळ, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दरवाजांपाशी, लावलेल्या पेट्यांत खारी हवा हे काम आणखी लवकर करते. त्यानंतर मुंग्या. उबदार आणि कोरडी जागा म्हणून त्या अंडी घेऊन टर्मिनल ब्लॉकमध्ये मुक्काम करतात, आणि त्यांच्या मागोमाग पाल येते. दोन टर्मिनलांवर आडवी होऊन मेलेली पाल मी स्वतः काढली आहे. कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पेट्यांत केबल उंदरांनी कुरतडलेली असते, तीही जमिनीत गाडलेल्या भागात, जिथे नजर जात नाही.

वीज पडून गेली असेल तर सर्ज प्रोटेक्टर तपासा. तो विजेचा झटका स्वतःवर झेलतो आणि बरेचदा शॉर्ट होऊनच मरतो, मग फ्यूज उडतो. दोघांनीही आपलं काम चोख केलेलं असतं. इथे मोह होतो तो प्रोटेक्टर काढून वायर सरळ जोडायचा. करू नका. पुढची वीज थेट लॉगरमध्ये जाईल.

कोणी नुकतीच बॅटरी बदलून गेलं असेल तर धन-ऋण उलटं झालेलं नाही ना ते पाहा. बऱ्याच उपकरणांत उलट जोडणी झाली की एक डायोड मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो आणि आतलं वाचवतो.

एक कारण सहज लक्षात येत नाही: उतरलेली बॅटरी. आठवडाभर ऊन नसलं की व्होल्टेज खाली येतं, आणि मोडेमसारखी उपकरणं लागणारी शक्ती तेवढीच ठेवायला प्रवाह वाढवतात. १२ वॅट घेणारं उपकरण १२.८ व्होल्टला ०.९४ अँपिअर घेतं, तर १०.८ व्होल्टला १.११. एवढ्याने धडधाकट फ्यूज उडत नाही. पण होल्डर गंजून तापत असेल आणि फ्यूज जुना असेल तर तेवढं पुरतं. अशा वेळी पॅनेलवरची शेवाळ पुसणं आणि वर आलेली फांदी छाटणं हाच इलाज.

बल्ब लावून बघा

दोष दुरुस्त केलात, किंवा सापडला नाही, तरी लगेच नवा फ्यूज लावू नका. होल्डरच्या दोन टोकांना फ्यूजच्या जागी बल्ब लावा आणि बॅटरी जोडा. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला फार तर पावणेदोन अँपिअर जाऊ देतो, ५ वॅटचा सुमारे ०.४ अँपिअर. फ्यूज २ अँपिअरचा असेल तर मोठा बल्ब, अर्ध्या अँपिअरचा असेल तर छोटा. बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आहे. काहीही जळलं नाही, फ्यूजही वाया गेला नाही. क्षणभर चमकून मंद झाला किंवा विझला तर शॉर्ट राहिलेला नाही. बल्बवर मोडेम नीट चालू होईल अशी अपेक्षा ठेवू नका, त्याला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. आता बल्ब चालू ठेवून बाहेरच्या केबली एकेक हलवून बघा. हलवताना बल्ब लुकलुकला की तुटकी जागा तिथेच.

नवा फ्यूज बसवताना

बॅटरी पुन्हा सोडवा. होल्डरच्या आतल्या पाकळ्या बघा: हिरव्या झाल्या असतील तर क्लीनर मारून फडक्याने पुसा. जोरात घासू नका, वरचा मुलामा गेला की गंज दुप्पट वेगाने येतो. पाकळ्या सैल, तपकिरी किंवा प्लास्टिक वितळलेलं असेल तर होल्डर बदला. सैल होल्डर स्वतः तापतो आणि चांगल्या फ्यूजलाही उडवतो. फ्यूज घट्ट बसला पाहिजे, बोटाने फिरवला तर सहज फिरता कामा नये.

आपल्याकडे घरच्या किटकॅट फ्यूजमध्ये तार बांधायची सवय पिढ्यान् पिढ्यांची आहे, ती इथे आणू नका. तार नको, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद नको, ‘एक दिवसापुरता’ मोठा फ्यूजही नको. दिचोलीच्या खाणपट्ट्यात एका धूळमापकाच्या पेटीत कोणीतरी २ अँपिअरच्या जागी १० अँपिअरचा लावला होता. मी पोचलो तेव्हा आतली बारीक वायर कोळसा झाली होती, टर्मिनलची पट्टी वितळून लॉगरला चिकटली होती आणि लॉगरमध्ये साठलेली सगळी मोजमापं गेली होती. फ्यूज मात्र शाबूत होता.

आता बॅटरी, लोड, पॅनेल या क्रमाने जोडा. बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. मग फ्यूजमधून जाणारा प्रवाह मोजा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी लागते, आणि मोजून झाल्या झाल्या ती परत जागेवर आणायची. तशीच राहून कोणी पुढे व्होल्ट मोजायला गेलं की बॅटरी मीटरमधूनच शॉर्ट होते. मीटरच्या आतला फ्यूज उडाला तर तिथेही कंपनीने सांगितलेलाच, वाळू भरलेला टाका. तो तुमच्या हाताचं रक्षण करतो.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर थांबा. तिसरा लावू नका. पेटी बंद करा, पॅनेल आणि बॅटरी सुटी ठेवा आणि वरिष्ठांना फोन करा. फ्यूज सर्किट बोर्डावरच झाळलेला असेल तर तिथे पेटीपाशी सोल्डरिंग करत बसू नका, बोर्ड कार्यशाळेत न्या.

पेटी बंद करताना

पर्जन्यमापकाची केबल परत जोडली का? हे मी मुद्दाम विचारतो, कारण सर्वांत जास्त वेळा राहते ती हीच, आणि मग पेटी मुसळधार पावसात ‘शून्य मिलिमीटर’ असं कळवत राहते.

प्रत्येक केबल ग्लँडमध्ये शिरण्याआधी खाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं आणि आत येत नाही. न वापरलेल्या ग्लँडची भोकं बंद करा, मुंग्या तिथूनच येतात. सिलिका जेलची पुडी बदला. झाकणाच्या रबरावर माती किंवा केस अडकलेला नको.

मग पुढचा संदेश जाईपर्यंत तिथेच थांबा, मग तो पंधरा मिनिटांनी असो की तासाने. मोडेम संदेश पाठवतो तेव्हाच प्रवाह सर्वांत जास्त असतो आणि कमकुवत फ्यूज तेव्हाच जातो. मोजमाप पोचलं का, हे कार्यालयात फोन करून विचारा. तोवर वहीत लिहा: तारीख, वेळ, कुठला फ्यूज, त्यावरची सगळी अक्षरं, काच कशी दिसत होती, काय सापडलं, बॅटरीचे व्होल्ट, चालू प्रवाह. त्याच रेटिंगचे दोन फ्यूज छोट्या झिपच्या पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि पिशवीवर मार्करने रेटिंग लिहा. गणेश चवथीच्या दिवसांत तुम्ही गावी असाल आणि इथे दुसरंच कोणी येईल, तेव्हा त्याला शोधाशोध करावी लागणार नाही.